न खुडलेले फूल

जपानमधील फुलांच्या आकाराची हस्तनिर्मित भांडी, त्यांमागील विचार आणि चिनी मातीची भांडी घेताना अहिंसक घराने विचारावयाचे प्रश्न

नागपूरच्या इतवारीत किंवा सीताबर्डीवर भांडी घेण्यासाठी निघालेल्या कुटुंबाची बाजारात पोचताच दोन दिशांना पांगापांग होते. सासूबाई पितळ-स्टीलच्या दुकानाकडे वळतात. तेथे भांडे हाती घेऊन तोलता येते, वाजवून पाहता येते आणि वर नाव कोरून घेता येते. सुनेची पावले मात्र काचेच्या कपाटापाशी थबकतात. तेथे पांढऱ्याशुभ्र बश्या मांडलेल्या असतात. एखादीची कड शेवंतीच्या पाकळ्यांसारखी, एखादीच्या पोटात निळ्या रेघांनी काढलेली एकच फांदी, तिच्यावर दोन फुले आणि एक कळी. ‘जपानी डिझाइन आहे,’ दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून पुढे जोडतो, ‘बोन चायना आहे ताई, एकदम हलकं.’

एवढ्यात सासूबाई येऊन पोचतात आणि विचारतात, ‘बोन म्हणजे काय हो?’

प्रश्न साधा आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय पुडा न उघडणाऱ्या, चातुर्मासात भाजी चार वेळा निवडणाऱ्या घरांनीही तो कपबशीला क्वचितच विचारलेला असतो. ताटात काय वाढले आहे याचा विचार आपण पिढ्यान्‌पिढ्या केला. ताट कशाचे आहे याचा विचार करण्याची वेळ अलीकडे आली. जपानच्या फुलांच्या भांड्यांची कथा या प्रश्नाच्या उजेडात वाचली, तर ती केवळ शोभेच्या वस्तूंची कथा राहत नाही.

हाडांची राख

‘बोन चायना’ या नावातील ‘बोन’ म्हणजे शब्दशः हाड. चीनमधून येणारी पातळ, खणखणीत, उजेड आरपार जाऊ देणारी भांडी पाहून अठराव्या शतकातील युरोप वेडावला होता. तशी भांडी आपल्याकडे घडावीत म्हणून इंग्लंडमधील कुंभारांनी मातीत गुरांच्या हाडांची राख मिसळण्याचे प्रयोग केले. त्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंट येथील स्पोड यांच्या कारखान्यात या मिश्रणाचे प्रमाण स्थिरावले. सुमारे निम्मी हाडांची राख आणि उरलेल्या निम्म्यात चिनी माती व एका विशिष्ट दगडाची पूड, असे ते प्रमाण होय. हाडे स्वच्छ करून, भाजून त्यांची राख करतात. तिच्यातील कॅल्शियम फॉस्फेटमुळे भांड्याला दुधी शुभ्रता येते आणि पातळ असूनही ते मजबूत राहते.

राखेत जीव कोठून राहणार, असा युक्तिवाद येथे कोणी करील. भाजलेल्या कपात मांस किंवा चरबी उरत नाही, हे खरेच आहे. परंतु श्रावकाचाराची दृष्टी वस्तूच्या अखेरच्या रूपापाशी थांबत नाही. ती वस्तू कोणत्या व्यापारातून आली याकडेही पाहते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ सांगितले आहे आणि त्यात दातांबरोबर हाड, नख, केस, चामडे यांचाही व्यापार धरला जातो. त्या यादीच्या प्रकाशात पाहिले, तर सासूबाईंचा प्रश्न अगदी शास्त्रोक्त आहे.

मग चिनी मातीची सगळीच भांडी वर्ज्य समजावीत काय? तसे नाही. पोर्सेलिन, स्टोनवेअर, टेराकोटा यांची नावे आपण सरमिसळ वापरतो. पण हाडांची राख हे बोन चायनाचे वेगळेपण आहे. ज्या पोर्सेलिनच्या नकलेसाठी युरोपने हाडे वापरली, ते मूळ पोर्सेलिन दगड-मातीचेच होते आणि आजही आहे. जपानमधील आरिता गावाची फुले अशाच एका डोंगराच्या दगडातून उमलली.

दगडातून उमललेली फुले

जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर, आजच्या सागा प्रांतात आरिता हे छोटे गाव आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जपानी सेनानी तोयोतोमी हिदेयोशी याने कोरियावर दोनदा स्वारी केली. परतणाऱ्या सरदारांनी तेथून अनेक कुंभारांना आपल्याबरोबर आणले. त्यांत यी साम-प्योंग नावाचा कुंभार होता. जपानी लोक त्याला री सानपेई म्हणतात. परंपरा अशी सांगते, की १६१६ मध्ये त्याला आरिताजवळच्या इझुमियामा टेकडीत पोर्सेलिनचा दगड सापडला. जपानचे पोर्सेलिन त्या दगडापासून सुरू झाले. २०१६ मध्ये आरिताने आपल्या कलेची चारशे वर्षे साजरी केली. या नाजूक फुलांच्या मुळाशी एक युद्ध आणि मायदेशापासून तुटलेली माणसे आहेत, याची आठवण गावाने पुसून टाकलेली नाही. री सानपेईचे स्मारक आरितात उंचावर उभे आहे.

इझुमियामाचा दगड कुटून, पाण्यात निवळून जी माती मिळे, तिच्यात दुसरे फारसे काही मिसळावे लागत नसे. पुढे आमाकुसा बेटांवरील दगड वापरात आला आणि आज बहुतेक आरिता भांडी त्याचीच घडतात. ही भांडी इमारी नावाच्या बंदरातून जहाजांवर चढत म्हणून जगाने त्यांना ‘इमारी’ म्हटले. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच ईस्ट इंडिया कंपनीने ती युरोपात नेली. तेथील राजांनी त्यांसाठी महालांत स्वतंत्र दालने सजविली आणि जर्मनीतील माइसेनच्या कारखान्याने त्यांच्या हुबेहूब नकला केल्या.

याच आरितात काकिएमोन घराणे उदयास आले. १६४० च्या दशकात पहिल्या साकाइदा काकिएमोनने भाजलेल्या पांढऱ्या भांड्यावर रंग चढविण्याची रीत साधली, असे मानतात. त्या घराण्याच्या भांड्यांचे सौंदर्य जितके रंगात आहे, तितकेच रिकाम्या जागेत आहे. बशीच्या एका कडेला फुलांची फांदी आणि बाकी सारी शुभ्रता मोकळी. ही शुभ्रता निळसर नसते, तर उबदार दुधी असते. तिला ‘निगोशिदे’ म्हणतात; त्या भागातील बोलीत ‘निगोशी’ म्हणजे तांदूळ धुतल्यानंतरचे पाणी. स्वयंपाकघरातील धुवणाचा रंग राजमहालातील भांड्याला नाव देऊन गेला. अठराव्या शतकात ही रीत मागे पडली आणि पुढे विसरली गेली. बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनने, म्हणजे पिता-पुत्रांनी, प्रयोग करून १९५३ मध्ये ती पुन्हा साध्य केली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हरवलेली घराण्याची विद्या बाप-लेकांनी मिळून शोधून काढावी, ही गोष्ट ज्या घरांत धंदा पिढीजात आहे त्यांना अधिक उमगेल.

मातीतली शेवंती

फुलाचा आकार भांड्याला येतो कसा? त्याची सुरुवात भांड्याच्या आधीच होते. चाकावर ठेवण्यापूर्वी माती मळून तिच्यातील हवा काढावी लागते. जपानी कुंभार तळहाताच्या दाबाने माती किंचित फिरवीत मळतो, तेव्हा गोळ्यावर एकावर एक वळ्या उमटत जातात आणि ती शेवंतीच्या पाकळ्यांसारखी दिसते. या मळणीला ‘किकुनेरी’ म्हणजे शेवंतीची मळणी असेच नाव आहे. ही शेवंती कोणत्याही गिऱ्हाइकाला दिसत नाही. चाकावर चढताच ती मिटून जाते. परंतु मळणी नीट झाली नाही, तर भट्टीत भांडे तडकते.

चाकावर घडविलेली वाटी थोडी सुकू देतात. ती ना ओली ना कोरडी अशी झाली, की तिला पाकळ्या देतात. सोपी रीत म्हणजे कड ठराविक अंतरावर दाबून किंवा कातरून घेणे. अशा कडेला ‘रिन्का’ म्हणतात. दुसरी रीत अधिक कष्टाची आहे. पाकळ्या कोरलेला भाजक्या मातीचा उलटा साचा असतो. त्यावर ही अर्धवट सुकलेली वाटी पालथी घालून तळहाताने हलके हलके थोपटतात. आतून साच्याची एकेक पाकळी वाटीत उतरते. साचा तोच असला, तरी थोपटणारा हात दरवेळी सारखा पडत नाही. म्हणून पाच वाट्यांच्या संचातही प्रत्येक वाटीला आपला चेहरा राहतो.

मग पहिली भाजणी होते, सुमारे ९०० अंश सेल्सियसला. तिच्यानंतर कोबाल्टयुक्त ‘गोसू’ने निळी रेखाटने काढतात. भाजके भांडे पाणी तत्काळ शोषून घेते. रेघ एकदा ओढली की पुसता येत नाही. मग काचेसारख्या झिलईत बुडवून दुसरी भाजणी, सुमारे १३०० अंशांपर्यंत. लाल, हिरवे, पिवळे रंग द्यावयाचे असतील तर ते झिलईवर चढवून सुमारे ८०० अंशांवर तिसरी भाजणी. या साऱ्या प्रवासात भांडे आकसते. ओल्या मातीत हाताएवढी केलेली बशी भट्टीतून बाहेर येते तेव्हा लक्षात येण्याइतकी लहान झालेली असते. एखादी वाकते, एखादीवर राखेचा डाग पडतो. बाजारातील छापील स्टिकर चिकटवून यंत्रावर तयार होणाऱ्या बशीला यातले काहीच सोसावे लागत नाही. किमतीतील फरक या सोसण्याचा आहे.

ताटात उतरलेला ऋतू

जपानी घरात ही भांडी वर्षभर सारखी वापरीत नाहीत. थंडी सरताना उमे म्हणजे जपानी आलुबुखाराची पाच पाकळ्यांची फुले, मग साकुरा, मे महिन्यात आयरिस, जूनच्या पावसात हायड्रेंजिया, उन्हाळ्यात आपल्या गारवेलीच्या जातीचे आसागाओ, शरदात शेवंती आणि हिवाळ्यात कॅमेलिया असा क्रम. फुलाची बशी फूल उमलण्याच्या थोडी आधी कपाटातून बाहेर काढणे, हे रसिकतेचे लक्षण मानतात. साकुरा गळून गेल्यावर साकुराची बशी मांडणे म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर दारात आकाशकंदील ठेवण्यासारखे. ज्यांना वर्षभर एकच बशी वापरावयाची, त्यांच्यासाठीही सोय आहे. वसंतातील साकुरा आणि शरदातील लाल मेपल एकाच भांड्यावर काढतात; त्या नक्षीला ‘उनकिन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील क्योतोचा कुंभार निन्‌आमी दोहाची याची अशी भांडी प्रसिद्ध आहेत.

या परंपरेचा मोठा पुरुष म्हणजे क्योतोचा ओगाता केन्झान. त्याचा जन्म १६६३ चा. थोरला भाऊ कोरिन नामवंत चित्रकार. धाकट्याने १६९९ मध्ये क्योतोच्या वायव्येस नारुताकी येथे भट्टी घातली. १७०२ मध्ये त्याने बारा महिन्यांचे पक्षी आणि फुले काढलेल्या बारा चौकोनी बश्या घडविल्या. बशीच्या पुढच्या बाजूस चित्र आणि मागच्या बाजूस कविता. जेवणारा खाऊन झाल्यावर बशी उलटी करून कविता वाची.

जपानी मंडळी संच घेतात तो बहुधा पाचांचा, सहाचा नव्हे. विषम संख्या शुभ मानली जाते आणि चार या अंकाचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा असल्याने तो टाळतात. लहान फुलाच्या वाटीत एखादी कोशिंबीर, शेवंतीच्या बशीत मिठाईचा एकच तुकडा. वाढणे कमी असते आणि वाढलेल्या भोवती जागा सोडलेली असते. भांडे नीट दिसावे म्हणून अन्न कमी वाढणे, ही गोष्ट आग्रहाने वाढणाऱ्या नागपुरी पाहुणचाराला विचित्र वाटेल. तिच्यात ऊनोदरीची छटा मात्र सहज दिसते.

जपानच्या बौद्ध मठांत ‘शोजिन र्‍योरी’ नावाचे शाकाहारी जेवण असते. त्यात मांस-मासे तर नसतातच, कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो. मुळा, कमळकाकडी यांसारखी कंदमुळे ते खातात, म्हणून ते जैन जेवण नव्हे. तरी दूरच्या देशात कांदा-लसणाशिवाय शिजलेले पान वाढले जाते, हे अनेक वाचकांना ठाऊक नसेल. चहाविधीबरोबर वाढल्या जाणाऱ्या ‘कैसेकी’ भोजनाची घडण या मठीय साधेपणाच्या सावलीत झाली, जरी त्यात पुढे मासे आले. ताटात पलीकडच्या बाजूस ठेवण्याच्या ‘मुकोझुके’ नावाच्या लहान भांड्यांत फुलांचे सर्वांत सुंदर आकार आढळतात, ते याच भोजनात.

एका बागेची किंमत

चहाविधीचा महान आचार्य सेन नो रिक्यू याची एक कथा सांगतात. त्याच्या बागेत आसागाओची फुले विपुल फुलली आहेत, असे ऐकून हिदेयोशी ती पाहण्यास आला. बागेत पोचतो तो एकही फूल नाही. सारी बाग सपाट केलेली. रागावून तो चहाच्या खोलीत शिरला, तर समोर एका पात्रात एकच ताजे फूल. एका फुलाचे सौंदर्य दिसावे म्हणून शेकडो फुले गेली.

कलेच्या दृष्टीने ही कथा थोर मानली जाते. अहिंसेच्या दृष्टीने ती अस्वस्थ करते आणि ही अस्वस्थता केवळ जैन मनालाच वाटते असे नाही. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द बुक ऑफ टी’ या ग्रंथात फुलांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. खुडल्या जाणाऱ्या, तारेने बांधल्या जाणाऱ्या, मेजवानीनंतर उकिरड्यावर फेकल्या जाणाऱ्या फुलांविषयी त्यांनी त्यात करुणेने लिहिले. वनस्पतीतही जीव आहे, हे आपल्याकडे प्रतिक्रमणात रोज स्मरले जाते. फुलाची बशी या ठिकाणी निराळी ठरते. तिच्यावरील कॅमेलिया कोणी खुडलेला नसतो. तो कोणी तरी बराच वेळ पाहिलेला असतो.

सद्दालपुत्राचे मडके

तरीही येथे एक अडचण उरते आणि ती झाकून चालणार नाही. पंधरा कर्मादानांच्या यादीत पहिले आहे ‘अंगारकर्म’. भट्टीवर चालणारे धंदे त्यात येतात आणि कुंभाराची भट्टीही त्यातून सुटत नाही. माती खणण्यात पृथ्वीकाय जीवांची, भट्टी पेटविण्यात अग्निकाय जीवांची विराधना आहेच. मग मातीच्या भांड्याचे कौतुक कसे करावे?

याचे उत्तर आगमांतील एका कुंभाराच्या कथेत शोधता येते. ‘उपासकदशांग’ सूत्रात भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांत सातवे चरित्र पोलासपूरच्या सद्दालपुत्राचे. तो कुंभार होता आणि त्याची पाचशे दुकाने होती. आरंभी तो आजीवक मताचा, म्हणजे जे होते ते नियतीने ठरलेलेच असते, असे मानणारा. एकदा तो मडकी उन्हात वाळत घालीत असता भगवंतांनी त्याला विचारले, की ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? आपल्या मताला जागून तो म्हणाला, प्रयत्नावाचून. तेव्हा भगवंतांनी पुढे विचारले, की कोणी ही मडकी चोरली वा फोडली तर तू काय करशील? त्याला शासन करीन, असे सद्दालपुत्र म्हणाला. सारे नियतच असेल, तर फोडणाऱ्याचा दोष कोणता? या प्रश्नापाशी त्याचे मत ढळले आणि त्याने श्रावकव्रते घेतली.

या कथेत अंगारकर्माचा दोष नाकारलेला नाही. पण मडक्यामागे हात असतो, त्या हाताचे श्रम खरे असतात आणि म्हणून ते फोडणारा जबाबदार असतो, ही गोष्ट तिने स्पष्ट केली. हिंसा ज्या वस्तूत टळत नाही, तेथे ती वस्तू थोडी घ्यावी, जपून वापरावी आणि दीर्घकाळ टिकवावी, हा त्यातून निघणारा व्यवहारधर्म. फुटलेले भांडे सांधण्याची जपानी ‘किन्त्सुगी’ रीत या धर्माच्या फार जवळ आहे. उरुशी नावाच्या झाडाच्या चिकात पीठ मिसळून तुकडे जोडतात, तो सांधा दमट जागी अनेक दिवस घट्ट होऊ देतात आणि वरून सोन्याची पूड देतात. दुरुस्ती लपवीत नाहीत. भेग सोनेरी रेघ होऊन राहते आणि भांडे पुन्हा पंगतीत येते.

सेवाग्राम आणि भद्रावती

जपान दूर आहे; पण नागपूरच्या आसमंताचे त्याच्याशी नाते जुने आहे. जपानी भिक्षू निचिदात्सू फुजी १९३३ मध्ये वर्ध्यास गांधीजींना भेटले. पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र आला आणि त्या मंत्रातही कमळ आहे. वर्ध्याचा विश्वशांती स्तूप त्याच संप्रदायाचा.

मातीच्या भांड्यांचे नाते मात्र आणखी एका वाटेने आले. ओकाकुरा १९०१-०२ मध्ये भारतात आले आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या घराशी त्यांचा स्नेह जुळला. १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर चित्रकार नंदलाल बोस जपानला जाऊन आले. त्या नंदलालांच्या हाताखाली शांतिनिकेतनात शिकलेला तरुण देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आला. नई तालीमच्या शाळेत तो मुलांना चित्रकला शिकवी आणि तेथेच त्याने कुंभारकामही मनापासून केले. १९६२ मध्ये जागतिक शांतिचळवळीच्या कामासाठी ते लंडनला गेले. पुढे भारतात परतून त्यांनी चाक पुन्हा फिरविले. कलावंत आणि कारागीर या दोन जाती नव्हेत. रोजच्या वापराचे भांडे हीदेखील कलाकृतीच, हा विचार त्यांनी हयातभर सांभाळला. जपानमध्ये यानागी सोएत्सु आणि त्यांचे मित्र १९२५ पासून ‘मिंगेई’, म्हणजे लोकांची कला, या नावाने हाच विचार मांडीत होते. भारतात त्या मंडळींना प्रत्यक्ष भेटून आलेले कुंभार म्हणजे सरदार गुरचरण सिंग. ते १९१९ मध्ये जपानला शिकावयास गेले आणि पुढे त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्ल्यू पॉटरी’ उभारली.

नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावती लागते. केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंना हे तीर्थ परिचित आहे. त्याच गावात १९५० च्या दशकात कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्याने ग्रामोदय संघ उभारला. हेतू असा, की गावच्या कुंभाराला नवी साधने आणि झिलईची विद्या मिळावी, त्याच्या मालाला मोल यावे. देशातील अनेक कुंभार-कलावंतांनी तेथे येऊन काम केले आहे. दर्शन आटोपून परतणाऱ्या यात्रेकरूला त्या गावातील मातीची ही दुसरी ओळख करून घेणे अवघड नाही.

जपानने आपल्या कारागिरांना कायद्याचा आधार दिला. १९५० च्या कायद्याने थोर कारागिरांच्या विद्येला सांस्कृतिक ठेवा मानले. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. १९७४ च्या कायद्याने हस्तोद्योगांना मान्यता देताना अटी घातल्या, की वस्तू रोजच्या वापरातील असावी, मुख्यतः हाताने घडलेली असावी आणि तिची रीत शंभर वर्षांहून जुनी असावी. इतके करूनही तेथील लहान भट्ट्यांना तरुण माणसे मिळणे कठीण झाले आहे. आपल्याकडे तर कुंभाराचा मुलगा चाक सोडून गेला, तर त्याची नोंदही होत नाही. कायदा आधार देतो. भट्टी चालते ती कोणी तरी रोज त्या वाटीत जेवते म्हणून.

घेताना विचारावयाचे प्रश्न

ज्या घरांना फुलांची भांडी घ्यावयाची आहेत, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

बशी उलटी करून तळावरील शिक्का वाचावा. ‘बोन चायना’ किंवा ‘फाइन बोन चायना’ लिहिलेले असल्यास त्यात हाडांची राख असते. ‘न्यू बोन चायना’ या नावाचा माल हाडांच्या राखेशिवाय बनविला जातो असे सांगतात. तरी नावावर न विसंबता उत्पादकाकडून घटकांची खात्री करून घ्यावी. जपानी माल म्हणजे हाडविरहित, असे गृहीत धरू नये. विसाव्या शतकापासून जपानमध्येही बोन चायना बनते.

उजेडासमोर धरून केलेली परीक्षा पुरेशी नाही. बोन चायनातून प्रकाश आरपार दिसतो, तसा उत्तम पोर्सेलिनमधूनही दिसतो. ‘पोर्सेलिन’ आणि ‘स्टोनवेअर’ हे शब्द शोधावेत. अधिक काटेकोर राहू इच्छिणाऱ्यांनी एवढेही जाणावे, की चित्रकारीचे पारंपरिक जपानी कुंचले बहुधा प्राण्यांच्या केसांचे असतात. मर्यादा कोठे आखावी, हे प्रत्येक घराने आपल्या व्रताप्रमाणे ठरवावे.

जुन्या, झिलईवर रंगविलेल्या भांड्यांत शिशाचा अंश असू शकतो. अशी भांडी शोभेलाच ठेवावीत; त्यांत लोणचे, चिंचेचे सार, दही यांसारखे आंबट पदार्थ ठेवू नयेत. सोनेरी कडेचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. स्टोनवेअरची भांडी वापरापूर्वी थोडा वेळ पाण्यात ठेवावीत. त्यामुळे हळद-तेलाचे डाग कमी धरतात.

हाताने केलेले भांडे ओळखण्याची खूण तळाशी असते. जेथे भांडे टेकते, ते वर्तुळ बहुधा झिलईविना असते. तेथे बोट फिरवावे. आतील फुलाच्या रेघेला जाड-बारीकपणा असेल, दोन वाट्यांतील पाकळ्या किंचित वेगळ्या असतील, तर तेथे माणसाचा हात फिरला आहे. सहांचा संच परवडत नसेल, तर दोनच वाट्या घ्याव्यात. अपरिग्रहाच्या दृष्टीने ते अधिक बरे.

आणि शेवटी, घेतलेले भांडे कपाटात कुलूप लावून ठेवू नये. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला संच पाहुण्यांचीच वाट पाहत जुना होतो. विदर्भात माघ-फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात मोहाचा सुगंध रानात भरतो, वैशाखात बहावा पिवळा होतो आणि भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत कमळे उमलतात. यांतील एकही फूल अद्याप आपल्या ताटवाटीवर नीटसे उतरलेले नाही. भद्रावतीच्या किंवा नागपूरच्या एखाद्या कुंभाराला पळसाच्या पाकळीची वाटी घडवून मागणारे गिऱ्हाईक भेटले, तर ती घडविण्याइतकी माती आणि तितका हात या भागात आहे.

दुकानातील सासूबाईंनी तेवढ्यात बशी उलटी करून पाहिलेली असते. तळावर ‘बोन’ हा शब्द आहे. त्या ती जपून कपाटात परत ठेवतात आणि दुकानदाराला विचारतात, ‘मातीची, हाताने केलेली आहे का काही?’ दुकानदार मागच्या फळीवरून धूळ झटकून एक वाटी काढतो. तिची एक पाकळी जराशी आत कललेली आहे. सून ती पाकळी बोटाने चाचपून पाहते आणि म्हणते, ‘हीच घेऊ या, आई.’